हवा कोंडायची आणि हवा थांबवायची : फुगवायच्या गादीचा इतिहास

या व्याख्यानमालेत आपण वापरातल्या साध्या वस्तूंचा इतिहास बघतो आहोत. आजची वस्तू तशी रोजची नाही, वर्षातून पाच-सात रात्रींची आहे. पण त्यातल्या एखाद्या रात्री तिनं दगा दिला तर ती रात्र आयुष्यभर लक्षात राहते. डोंगरात जाणारी मंडळी जिच्यावर झोपतात ती फुगवायची मॅट, म्हणजे हवेची गादी.

सुरुवात आमच्याच एका रात्रीपासून करू. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर संपता संपता आम्ही चौघं हिमाचलात एका खिंडीखाली तंबू टाकून होतो. उंची चार हजार मीटरच्या जरा आत. दुसऱ्या दिवशी पहाटे खिंड ओलांडायची होती. रात्री एकच्या सुमाराला आमच्यातला एक जण उठून बसला. म्हणाला, पाठ दुखतेय, खाली काहीतरी टोचतंय. टॉर्च लावून बघतो तर त्याची मॅट चपटी झालेली. फुगवली. तीन वाजता पुन्हा जमिनीला टेकली. तोवर तो थडथड उडायला लागला होता. स्लीपिंग बॅग चांगली होती, अंगात कपडे होते, तंबूत वारा नव्हता. थंडी खालून येत होती. मग आमच्याकडे एक जुनी फोमची पट्टी होती, तिच्यावर त्याला मध्ये घेऊन आम्ही उजाडेपर्यंत बसून काढली. खिंड त्या वर्षी राहिली. सकाळी आम्ही उतरायला लागलो.

उतरताना सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. इतकी महाग, इतकी उबदार म्हणून घेतलेली वस्तू, आणि शंभर-दीडशे रुपयांच्या फोमनं वेळ निभावली. हे असं का? त्या प्रश्नामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, तो आज बघू.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. हवेच्या गादीला दोन कामं करायची असतात. पहिलं काम, हवा आत कोंडून ठेवायची. दुसरं काम, आत कोंडलेली हवा हलू द्यायची नाही, ती थांबवायची. पहिलं जमलं तर गादी मऊ राहते आणि टिकते. दुसरं जमलं तर ऊब मिळते. वरवर दोन्ही एकच वाटतात, पण ही दोन वेगळी कामं आहेत. आणि आपण बघणार आहोत की एक काम साधताना दुसरं पुन्हा पुन्हा हातातून निसटलेलं आहे.

हवा कोंडणं माणसाला फार पूर्वी जमलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदहून नेलेली अॅसिरियन शिल्पं आहेत, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली. त्यात माणसं जनावरांची फुगवलेली कातडी पोटाखाली घेऊन नदी पार करताना दिसतात. आपल्याकडे पाण्याची पखाल आणि लोहाराचा भाता आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेला आहे. कातडं शिवलं, तेल-चरबी लावली की ते पाणीही धरतं आणि हवाही धरते. थोडा वेळ का होईना.

हवा थांबवणं तर त्याहून जुनं, फक्त त्याला कोणी तसं म्हटलं नाही. मावळातल्या घरात पावसाळ्यात भाताचा पेंढा अंथरून वर घोंगडी टाकायचे. पेंढ्याची प्रत्येक काडी पोकळ, काड्यांच्या मधे हवा, आणि ती हवा कुठे जाऊ शकत नाही. घोंगडीच्या लोकरीतही तेच. ध्रुवाकडे जाणारे नान्सेन, अॅमंडसन, स्कॉट हे लोक रेनडिअरच्या कातड्याच्या बॅगांमध्ये झोपत. रेनडिअरच्या केसाच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. म्हणजे पेंढा, लोकर आणि केस, तिन्हीकडे युक्ती एकच. हवेला इतक्या छोट्या खोल्या करून द्यायच्या की तिला फिरायला जागाच उरू नये. या अंथरुणाला भोक पडलं म्हणून कोणाची झोप गेली नाही. अडचण होती ती वजनाची आणि पसाऱ्याची. पेंढा पाठीवर कोण नेणार?

१८५५ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी प्रवाशांसाठी एक पुस्तक लिहिलं, ‘द आर्ट ऑफ ट्रॅव्हल’. त्यात उघड्यावर झोपणाऱ्याला एक सल्ला आहे. आडवं होण्याआधी कमरेच्या हाडाखाली येईल तेवढ्या जागी जमिनीत छोटा खळगा करावा. आज सात-आठ सेंटीमीटर जाडीची गादी जे करते, ते तेव्हा हातानं माती उकरून करत होते.

याच सुमाराला रबर आलं. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ मध्ये पेटंट घेतलं. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थामध्ये रबर विरघळवायचं आणि ते दोन कापडांच्या मधे सारवायचं. झालं पाणी न शिरणारं कापड, आणि अर्थात हवा न सुटणारंही. पण या कच्च्या रबराचा स्वभाव मोठा विचित्र. थंडीत पापडासारखं कडक, उन्हात गुळासारखं चिकट. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं की रबरात गंधक घालून ते तापवलं तर दोन्ही दोष जातात. १८४४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. बिचारा १८६० मध्ये कर्जात बुडालेला असतानाच गेला, पण हवा कोंडण्याचा प्रश्न त्यानं बराचसा सोडवून ठेवला.

त्या काळातला एक माणूस मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पीटर हॅल्केट, ब्रिटिश आरमारातला लेफ्टनंट. १८४०च्या दशकात त्यानं रबरी कापडाचा एक झगा तयार केला. अंगावर घाला, पावसाळी कोट. भात्यानं फुगवा, एक माणूस बसेल अशी होडी. हातातल्या काठीचं वल्हं व्हायचं आणि छत्रीचं शीड. (हशा) हसू नका, ती खरोखर चालत होती. जॉन रे हा आर्क्टिक प्रवासी १८४६च्या मोहिमेत हॅल्केटची होडी घेऊन गेला आणि त्याला ती फार उपयोगी पडली. आरमाराच्या वरिष्ठांनी मात्र नौदलाच्या कामाला याचा उपयोग नाही असं ठरवलं. ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस गावच्या संग्रहालयात त्यातली एक होडी आजही आहे. सांगायचा मुद्दा असा की एकोणिसावं शतक मध्यावर येईपर्यंत पाठीवर नेता येईल अशा पिशवीत हवा कोंडणं माणसाला साधलं होतं.

मग रबरी कापडाच्या गाद्या आल्या, उशा आल्या. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘लिलो’ नावाची हवेची गादी निघाली. ती इतकी पसरली की तिकडे कुठल्याही हवेच्या गादीला लोक लिलो म्हणायला लागले, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या सामानातही हवेच्या गाद्या होत्या. २८ मेच्या रात्री हिलरी आणि तेनझिंग साडेआठ हजार मीटरच्या आसपास, दोन पायऱ्यांसारख्या उतरत्या जागेवर तंबू लावून होते आणि हिलरींच्या थर्मामीटरवर उणे २७ अंश सेल्सिअस दिसत होते. अशा ठिकाणी अंगाखाली काय आहे याला किती किंमत असते ते वेगळं सांगायला नको.

पण डोंगरात झोपणाऱ्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. हवेची गादी मऊ असते, पण गार असते. आता हे कोडं आहे की नाही? स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक. मग हवेवर झोपलेला माणूस गारठतो का?

कारण आतली हवा स्थिर नसते. तुम्ही म्हणाल, वर अंग गरम, खाली जमीन गार, गरम हवा वरच राहणार, मग ती हलेल कशाला? पुस्तकात बरोबर आहे. पण माणूस पुस्तकातल्यासारखा झोपत नाही. कूस बदलली की एका नळीतली हवा दुसरीकडे ढकलली जाते. गादीच्या नळ्या अंगाच्या बाहेर, कडेपर्यंत जातात, तिथे हवा गार होते आणि पुन्हा अंगाखाली येते. आणि तिसरी वाट म्हणजे किरणांची. जशी शेकोटीची धग हवेतून थेट अंगावर येते, तशीच अंगाची ऊब पोकळीतून थेट खालच्या थंड कापडाकडे जाते.

याचा ढोबळ हिशेब करून बघू. उष्णतेला गादी किती अडवते याचं एक माप आहे, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. आकडा जितका मोठा तितकी अडवणूक जास्त. साधी, आत काहीही नसलेली हवेची गादी असली तर हा आकडा एकच्या खालीच राहतो, आपण ०.७ धरू. अंगाचा अर्धा चौरस मीटर भाग गादीला टेकलाय आणि कातडी व जमीन यांच्यात ३० अंशांचा फरक आहे असं धरा. मग खाली जाणारी उष्णता साधारण १२० वॅट येते. आणि झोपलेलं शरीर तयार करतं किती? सत्तर-ऐंशी वॅट. म्हणजे मिळकतीपेक्षा खर्च जास्त, तोही नुसत्या पाठीच्या बाजूनं. प्रत्यक्षात अंगाखालची जमीन थोडी तापते, कपडे-बॅग थोडी मदत करतात, म्हणून आकडा इतका वाईट राहत नाही. पण अंदाज आला ना? स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्या वजनानं चेपलेला असतो, त्यात हवा उरतच नाही. म्हणून बॅगेवर लिहिलेलं तापमानसुद्धा खाली चांगली मॅट आहे असं धरूनच काढलेलं असतं. त्या रात्री आमच्या मित्राची बॅग चांगली असून उपयोग का झाला नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

आता आपल्या ओळखीच्या वस्तूकडे येऊ. राजगडच्या पद्मावती मंदिरात किंवा हरिश्चंद्रगडाच्या गुहेत मुक्काम केलेल्या माणसाला कॅरीमॅट माहीत असते. सॅकला बाहेरून बांधलेली ती गुंडाळी. आपण समजतो, कॅरी करायची मॅट म्हणून कॅरीमॅट. खरं म्हणजे ते एका कंपनीच्या मालाचं नाव आहे. इंग्लंडच्या लँकेशायर भागात १९४६ मध्ये सायकलीच्या पिशव्या शिवणारी ‘करीमोर’ नावाची कंपनी सुरू झाली. तिनं १९६०च्या दशकात बंद पेशींच्या फोमची मॅट काढली, ‘करीमॅट’. बंद पेशींचा म्हणजे आतला प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र, सगळीकडून मिटलेला. इथे दोन्ही कामं एकदम झाली. हवा कोंडलेली, आणि थांबलेलीही. भोक पाडा, कापा, जाळा, बाकीचे लाखो बुडबुडे जागच्या जागी. हा पेंढाच आहे, फक्त कारखान्यातला.

मग अडलं कुठे? कॅरीमॅट जाडीनं सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर. विशीत गुहेच्या दगडावर झोप लागते, पन्नाशीत लागत नाही. जाडी वाढवावी तर गुंडाळीचा ड्रम होतो. चेपून छोटी होत नाही, कारण हवा बाहेर सोडायची सोयच नाही.

पुढचं पाऊल अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये पडलं, आणि ते बेकारीतून पडलं. बोइंग हा त्या शहराचा पोशिंदा. १९६७ मध्ये त्या भागात बोइंगची एक लाखाच्या वर माणसं कामाला होती. एप्रिल १९७१ पर्यंत चाळीस हजारसुद्धा राहिली नाहीत. शहराबाहेर कोणीतरी फलक लावला होता, शेवटी जाणाऱ्यानं दिवे मालवून जावं अशा अर्थाचा. काम गेलेल्यांत जिम ली आणि नील अँडरसन हे दोन इंजिनियर होते, दोघंही डोंगरात फिरणारे. एकदा बागेत काम करताना ली फोमच्या उशीवर गुडघे टेकून बसले होते. वजन पडलं की फोममधली हवा फुस्सकन निघून जाते आणि उशी बसते. त्यांच्या मनात आलं, ही हवा जाऊच दिली नाही तर? उघड्या पेशींचा मऊ फोम हवाबंद कापडात घातला, आणि तोंडाला झडप लावली तर?

फोमला कापड चिकटवायला त्यांनी वापरलं काय, तर सँडविच भाजायचं यंत्र. जॉन बरोज हा तिसरा मित्र आला, १९७२ मध्ये ‘कॅस्केड डिझाइन्स’ ही कंपनी निघाली, मॅटचं नाव ठेवलं ‘थर्म-ए-रेस्ट’. पेटंट १९७५ मध्ये तिघांच्या नावावर निघालं.

यातली हुशारी नीट बघा. फोम दाबून, हवा काढून गुंडाळता येतो. झडप उघडली की फोम स्वतःच फुलतो आणि हवा आत ओढतो, म्हणून तिला आपोआप फुगणारी म्हणतात. फोमच्या जाळीत हवा अडकते, म्हणजे थांबते. कापडात ती कोंडलेली असते, म्हणून फोम वजनानं बसत नाही. दोन्ही कामं, आणि गुंडाळी लहान. शिवाय फुटली तरी आत फोम उरतोच. पातळ का होईना, माणूस उघड्या जमिनीवर येत नाही.

पण या गादीचा सगळा जीव एका चिकटपट्टीत आहे. फोम वरच्या आणि खालच्या कापडाला पूर्ण चिकटलेला हवा, कारण हवेच्या दाबानं दोन्ही कापडं एकमेकांपासून लांब पळायला बघतात आणि त्यांना फोमनं धरून ठेवलेलं असतं. उन्हात फुगवून ठेवली, आतली हवा तापून दाब वाढला, किंवा ओल आणि वय यांनी गोंद सुटला, की तिथे फोड येतो, टम्म फुगलेला. पंक्चर ठिगळानं जातं. हा फोड मात्र कशानंच जात नाही. त्या रात्री पाठीखाली नारळ ठेवून झोपा.

याच काळात जॅक स्टीफन्सन यांच्या ‘वॉर्मलाइट’नं दुसरी वाट धरली. हवेच्या गादीत फोमऐवजी पिसं भरायची. पुढे स्वित्झर्लंडच्या ‘एक्सपेड’नं पिसांच्या गाद्या जगभर नेल्या. पिसं हवा उत्तम थांबवतात आणि दाबली की मुठीत मावतात. पण पिसांना ओल चालत नाही, आणि तोंडानं फुगवणं म्हणजे ओल भरणं. मोठ्या गादीत पन्नास-साठ लिटर हवा जाते. उच्छ्वासातली वाफ धरली तर एका वेळेला दीड-दोन ग्रॅम पाणी आत जातं. आठ रात्रींत चमचाभराच्या वर. म्हणून या गाद्यांबरोबर पंपाचं काम करणारी पिशवी यायला लागली. तिच्यात हवा पकडायची आणि दाबून आत सोडायची. लोहाराचा भाता पुन्हा आला.

मग २००९. थर्म-ए-रेस्टनं ‘निओएअर’ काढली. हिच्यात फोमही नाही आणि पिसंही नाहीत. आत पातळ पडद्यांचे त्रिकोणी कप्पे, एकावर एक, आणि धातूचा मुलामा दिलेला थर, जो किरणांनी जाणारी ऊब परत अंगाकडे वळवतो. मघाशी आपण तीन वाटा म्हटल्या होत्या. कप्प्यांनी हवेची ये-जा अडवली, चकचकीत थरानं किरण अडवले. आकडे बघितले की थक्क व्हायला होतं. घडीच्या फोमच्या मॅटचं आजचं नावाजलेलं मॉडेल ४१० ग्रॅमचं, आर-व्हॅल्यू २. निओएअरचं आजचं हलकं मॉडेल ३७० ग्रॅमचं, जाडी साडेसात सेंटीमीटर, आर-व्हॅल्यू ४.५. मघाच्या हिशेबात घातलं तर फोमवरून साधारण ४३ वॅट जातात, या गादीवरून १९. वजन कमी, जाडी तिपटीहून जास्त, ऊब दुपटीहून जास्त. गैरसोय म्हणाल तर कूस बदलली की वेफर्सचं पाकीट चुरगळल्यासारखा आवाज. तंबूतला शेजारी वैतागतो, इतकंच.

आणखी एक गोष्ट २०१८ मध्ये झाली. तोपर्यंत आर-व्हॅल्यू प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं काढायची, त्यामुळे एकीचा चार आणि दुसरीचा चार सारखे असतीलच असं नव्हतं. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं एफ ३३४० नावाची चाचणी ठरवली. एक गरम पाटा, एक गार पाटा, मधे ठरावीक दाबाखाली गादी, आणि गरम पाटा गरम ठेवायला किती वीज लागते ते मोजायचं. २०२० पासून मोठ्या कंपन्यांनी तेच आकडे छापायला सुरुवात केली. काहींचे आकडे खाली आले, काहींचे वर गेले. निओएअर एक्सलाइटचा ३.२ होता तो ४.२ झाला. मॅट तीच, माप बदललं. ही फार चांगली गोष्ट झाली. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा खरी तुलना करता आली. दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची सरळ बेरीज करता येते, हेही लोकांना समजलं.

आणि इथेच आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा आहे. ऊबेचा आकडा पाकिटावर आला. वजनाचा होताच. जाडीचा होताच. पण ही गादी किती रात्री हवा धरेल, याचा आकडा पाकिटावर नाही. जे मोजलं गेलं त्यात चढाओढ लागली, ते झपाट्यानं सुधारलं. जे मोजलं नाही, त्याचा भार हळूहळू आपल्या पाठीवर आला. फार तर कापडाचा डेनिअर लिहितात. डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ३० डेनिअर म्हणजे असा नऊ किलोमीटर धागा तीस ग्रॅमचा! त्यावरून धाग्याचं वजन कळतं. झडपेची, सांध्यांची, आतल्या पडद्यांची काहीच कल्पना येत नाही. आणि गादी बऱ्याचदा तिथेच जाते.

कशी जाते ते थोडक्यात सांगू. काटा, खडा, विंचरलेलं गवत यांनी पडलेलं भोक हे सगळ्यात सोपं दुखणं. घमेल्यात पाणी घेऊन सायकलवाला ट्यूब बुडवतो तसं करायचं, बुडबुडे दिसले की खूण करायची, वाळवायचं, ठिगळ लावायचं. दुसरं दुखणं झडपेचं. तिच्यात वाळूचा कण अडकला तरी हवा जाते, धुतली की बऱ्याचदा बरी होते. तिसरं आतलं. दोन कप्प्यांमधला पडदा सुटला की दोन नळ्यांची एक मोठी नळी होते. हे बाहेरून दुरुस्त होत नाही. जुन्या रबरी गादीला आत असे नाजूक पडदे नव्हते, म्हणून ती ठिगळावर ठिगळ लावून चालायची. आजची ऊब त्या नाजूक पडद्यांतूनच येते. जिथे ऊब आहे तिथेच दुखणं आहे.

चौथं दुखणं आपल्या हवामानाचं. या गाद्यांच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. त्यातल्या काही जाती दमट उष्ण हवेत पाण्याच्या अंशानं हळूहळू तुटतात. थर चिकट होतो, वास येतो, पकड जाते. जुना रेनकोट आतून चिकटायला लागतो ना, तेच. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत माळ्यावर गुंडाळून ठेवलेली गादी दर पावसाळ्यात न वापरता म्हातारी होते.

एक खोटं दुखणंही आहे, त्याला घाबरू नका. संध्याकाळी आपल्या गरम श्वासानं फुगवलेली गादी मध्यरात्री शून्य अंशाला दहाएक टक्के आक्रसते. ती हवा सुटत नसते, गार होत असते. झोपण्याआधी दोन फुंका वाढवल्या की झालं. उलट, सकाळी फुगलेली गादी उन्हात टाकून चहा प्यायला गेलात तर आतले पडदे सुटू शकतात.

आता त्या रात्रीकडे परत जाऊ. घरी आल्यावर आम्ही ती मॅट बादलीत बुडवून बघितली. भोक नव्हतं. झडपेच्या बुडाशी, जिथे झडप कापडाला जोडलेली असते, तिथून बुडबुड्यांची बारीक माळ वर येत होती. बोट लावलं तर थर चिकट. मग हिशेब केला. चार पावसाळे ती मॅट घट्ट गुंडाळून, झडप बंद करून, आतल्या ओलीसकट माळ्यावर पडून होती. निघण्याआधी एक रात्र घरी फुगवून बघण्याचा त्रास कोणी घेतला नव्हता. पाकिटावरचा ऊबेचा आकडा आम्हाला पाठ होता. कंपनीला शिव्या घालून झाल्यावर निम्मा दोष आपलाच आहे हे कबूल करावं लागलं.

तेव्हापासून आम्ही काय करतो ते सांगतो आणि थांबतो. मॅट घरी असली की उलगडून, झडप उघडी ठेवून, पलंगाखाली किंवा कपाटामागे. तोंडानं फुंकायची नाही, पिशवीनं भरायची. निघण्याच्या आदल्या आठवड्यात रात्रभर फुगवून, वर पुस्तकांचं वजन ठेवून बघायची. सॅकमध्ये ठिगळाचं सामान. आणि उंचावर जायचं असेल तर हवेच्या गादीखाली प्रत्येकाची एक पातळ फोमची पट्टी. दोनशे ग्रॅम जास्त होतात, मान्य आहे. तिच्यामुळे आकड्यांची बेरीज होते, काट्यांपासून राखण होते, आणि वरची गेली तरी माणूस जमिनीवर येत नाही.

इतिहासात नवी वस्तू आली की जुनी बाद होते असं आपण शिकतो. इथे तसं झालेलं दिसत नाही. हॅल्केटच्या झग्यापासून निओएअरपर्यंत दीडशेहून जास्त वर्षं हुशार माणसं खपली, तरी चार हजार मीटरवर भरवसा ठेवायचा तर खाली अजून पेंढाच लागतो. फक्त आता तो निळ्या रंगात मिळतो.

आमचा तो मित्र आज इथे समोर बसला आहे. पुढच्या ऑक्टोबरात आम्ही त्याच खिंडीत पुन्हा जाणार आहोत. फोमची पट्टी त्यानं आधीच कापून ठेवली आहे.